भुताची थट्टा आणि कथानकाची बांधणी

दरवर्षी स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ येऊ लागले, की वरच्या वर्गांतील दोन-चार उत्साही विद्यार्थी स्वतः लिहिलेला एखादा विनोदी नाट्यप्रवेश घेऊन शिक्षकांकडे येतात, आणि त्या प्रवेशात बहुधा भूत असतेच. पांढरी चादर पांघरलेले हे भूत रंगमंचावर आले, की पुढच्या सतरंजीवरील लहान मुले किंचाळतात. लागलीच ते आपल्याच चादरीत पाय अडकून पडते आणि सारा मंडप हसू लागतो. परंतु हे हास्य एकदाच उसळते. भूत दुसऱ्यांदा पडते तेव्हा चार-दोन जण हसतात. तिसऱ्यांदा पडते तेव्हा कोणीच हसत नाही. लेखक मात्र पडद्याआड उभा राहून, 'आमच्या गावच्या लोकांस विनोदच कळत नाही,' असे म्हणत हळहळतो.

आमच्या मते येथे दोष गावच्या लोकांचा नसतो. तीच माणसे घरी दूरदर्शन संचासमोर बसून 'झपाटलेला' हा मराठी चित्रपट आरंभापासून अखेरपर्यंत पाहतात, मध्येच दचकतात, मध्येच पोट धरून हसतात, आणि पुढच्या खेपेस तो लागला म्हणजे पुन्हा पाहतात. श्री. महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९९३ साली आला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेल्या मुलांसही त्यातील तात्या विंचू ठाऊक आहे. तेव्हा एका भुताचे हसू क्षणात विरते आणि दुसऱ्याचे चित्रपट संपेपर्यंत टिकते, याचे कारण काय? ते कारण भुताच्या वेषात नाही, विनोदी वाक्यांतही नाही. ते कथानकाच्या बांधणीत आहे, असे आम्हांस वाटते, आणि तेच या लेखात उलगडून दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम 'कथानक' म्हणजे काय ते पाहू. घडलेल्या गोष्टींची नुसती यादी म्हणजे कथानक नव्हे. कोणती गोष्ट आधी सांगावयाची, कोणती मागाहून, आणि कोणती कोणापासून लपवून ठेवावयाची, या योजनेस कथानक म्हणतात. एक साधे उदाहरण घेऊ. मध्यरात्री दार खडखडले. घरातील मावशी उठल्या. त्यांनी 'कोण आहे?' म्हणून विचारले. उत्तर आले नाही. दार पुन्हा खडखडले. त्यांनी कडी काढली, तो बाहेर दावे तोडून आलेले वासरू दाराशी मान घाशीत उभे! आता हीच हकीकत दोन प्रकारांनी सांगता येईल. वासराची गोष्ट शेवटपर्यंत लपविली, तर ऐकणारा मावशींच्या बरोबर भितो. वासरू सुटल्याचे आधीच सांगून टाकले, तर मावशी भितात आणि ऐकणारा हसतो. घटना त्याच, माणसे तीच, दारही तेच; बदलले ते इतकेच, की कोणास काय ठाऊक आहे. भयपट आणि त्याचे विडंबन या दोहोंतील अंतर पुष्कळदा एवढेच असते.

आमच्या मुखेडच्या बाजूस माळवदाची जुनी घरे अजूनही कोठे कोठे दिसतात. उन्हाळ्याच्या रात्री त्या माळवदावर अंथरुणे टाकून आजीकडून पिंपळावरच्या मुंजाची, चिंचेवरच्या हडळीची आणि विहिरीतल्या आसरांची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे, त्यांस भयकथेच्या पायऱ्या वेगळ्या शिकवावयास नकोत. पहिली पायरी नियमाची : अमक्या झाडाखालून तिन्हीसांजेला जाऊ नये. दुसरी पायरी नियमभंगाची : कोणी एक जण जातोच. तिसरी पायरी अविश्वासाची : तो घरी येऊन जे पाहिले ते सांगतो, आणि कोणास ते खरे वाटत नाही. चौथी पायरी मुदतीची : अमावास्येच्या आत उपाय झाला नाही, तर मग त्याची धडगत नाही. पाचवी पायरी उताऱ्याची : भुताचे वर्म कळते आणि त्याच वर्मावर घाव बसतो. देशोदेशीच्या भयकथा थोड्याफार फरकाने याच पाच पायऱ्यांनी चढत जातात.

आता प्रश्न असा, की या जिन्यावर हास्याने यावयाचे कोठून? आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनाही ही अडचण ठाऊक होती. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्य व भयानक हे दोन निराळे रस सांगितले असून, एकाचा स्थायी भाव हास, तर दुसऱ्याचा भय आहे. पुढे विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्याचे वैर भयानक व करुण या रसांशी असल्याचे म्हटले. ही गोष्ट अनुभवासही पटते. ज्याच्या छातीत धडधडत आहे त्याला हसू फुटत नाही. परंतु वैरी रसांना एकाच कृतीत नांदविण्याची युक्तीही आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त सांगून ठेवली आहे. दोन विरोधी भाव एकाच माणसाच्या ठिकाणी ठेवू नयेत, ते दोन निराळ्या आश्रयांच्या ठिकाणी ठेवावेत, असा तिचा आशय आहे; म्हणजे नायकाच्या ठायी वीर आणि त्याच्या शत्रूच्या ठायी भय. हाच विचार आम्ही थोडा पुढे नेतो. विडंबनपटात भय पडद्यावरील पात्राच्या वाट्यास द्यावयाचे, आणि हास्य पडद्यासमोरील प्रेक्षकाच्या. पात्र जितके मनापासून भिईल, तितका प्रेक्षक मनापासून हसेल. मात्र पात्रच हसू लागले, तर प्रेक्षकाच्या वाट्यास काहीच उरत नाही. चादरीतील भुताबरोबर नाटकातली मुलेच खिदळू लागतात, तेव्हा नेमके हेच होते.

हे सूत्र हाती धरून 'झपाटलेला'च्या कथानकाकडे वळू. तात्या विंचू हा एक क्रूर गुन्हेगार. बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून तो मृत्युंजय मंत्र मिळवितो. या मंत्राच्या बळावर मरणाऱ्यास आपला जीव दुसऱ्या देहात घालता येतो. पुढे इन्स्पेक्टर महेश जाधव यांची गोळी लागून तो मरणोन्मुख होतो. जवळ दुसरा मनुष्य नसतो. असते ती एक बाहुली. तो मंत्र म्हणतो आणि त्याचा जीव त्या बाहुलीत शिरतो. ही बाहुली येऊन पडते ती लक्ष्याच्या घरी. लक्ष्या हा आईच्या छायेत वाढलेला, भोळा, भित्रा आणि बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेला तरुण. बाहुलीतील तात्या विंचू त्याच्यापुढे आपले खरे रूप प्रकट करतो. खून पडतो, संशय लक्ष्यावर येतो, आणि 'हे बाहुलीने केले' असे तो जीव तोडून सांगू लागला, की लोक त्याला वेड्यात काढतात. दरम्यान तात्या विंचूस बाबा चमत्कारकडून कळते, की पुन्हा मनुष्यदेह हवा असेल, तर ज्याच्यापुढे त्याने आपले रूप प्रथम प्रकट केले त्याच्याच देहात त्याला शिरता येईल. म्हणजे लक्ष्याच्याच! आणि त्याचे मरण भ्रूमध्यात, दोन भुवयांच्या मधोमध आहे, हेही कळते. अखेरीस इन्स्पेक्टरची गोळी त्याच जागी बसते.

वाचकांनी आता वरील पाच पायऱ्या पुन्हा आठवाव्यात. मंत्राचा नियम, त्या नियमाने निर्जीव वस्तूत शिरलेला जीव, अविश्वास, देह मिळविण्याची घाई आणि भ्रूमध्याचे वर्म — एकही पायरी गाळलेली नाही. विनोदी चित्रपट आहे म्हणून कोठे सूट घेतलेली नाही. किंबहुना यातील सर्व विनोदी भाग काढून टाकला, तरी शिल्लक राहणारी गोष्ट लहान मुलांची झोप उडविण्यास पुरेशी आहे. हीच या बांधणीची पहिली कसोटी, असे आम्ही समजतो. विडंबनातून हास्य वजा केले असता मागे उभी भयकथा उरली पाहिजे. चादरीच्या भुतातून हास्य वजा करा. मागे नुसती चादर उरते.

हे बोलणे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून एका परदेशी चित्रपटाशी तुलना करू. १९८८ साली अमेरिकेत टॉम हॉलंड यांनी दिग्दर्शित केलेला 'चाइल्ड्स प्ले' हा भयपट प्रदर्शित झाला. त्यातही पोलिसाच्या गोळीने मरू घातलेला एक खुनी मंत्राने आपला जीव बाहुल्यात घालतो. त्यातही त्याला आपले रूप प्रथम ज्याच्यापुढे उघड केले त्याचाच देह हवा असतो. आणि तो बाहुला मारावयाचा तर त्याच्या हृदयाचाच वेध घ्यावा लागतो. दोन्ही चित्रपटांचा सांगाडा असा मिळताजुळता आहे. मग अमेरिकेतील प्रेक्षकांची बोबडी वळावी आणि महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी खदखदून हसावे, हे कसे?

उत्तर एका फेरफारात आहे. अमेरिकन चित्रपटात तो बाहुला सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो. मराठी चित्रपटात तो वयाने मोठ्या, पण मनाने मूल राहिलेल्या तरुणाच्या हाती पडतो. सहा वर्षांचे मूल संकटात सापडले, तर कोणाही सहृदय माणसास हसू येणार नाही. कारण ते खरोखरच असहाय आहे. परंतु मिसरूड फुटलेला गडी वीतभर बाहुलीपुढे थरथर कापू लागला, म्हणजे त्याचे आकारमान आणि त्याचे भय यांचा मेळ बसत नाही, आणि या विसंगतीतून हास्य जन्मते. संकट तेच राहिले. संकटात सापडलेला माणूस बदलला. विडंबन करू इच्छिणाऱ्या लेखकाने भुतास हात लावू नये, भिणाऱ्यास बदलावे, हा दुसरा धडा येथे मिळतो. लक्ष्याची भूमिका करणारे लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली निवर्तले. परंतु घाबरलेल्या माणसाचे डोळे, त्याची अडखळणारी जीभ आणि पळताना होणारी त्याची तारांबळ त्यांनी अशी दाखवून ठेवली आहे, की हा फेरफार किती योग्य होता याची साक्ष पटते.

तिसरी गोष्ट याहूनही मार्मिक आहे. लक्ष्यास बोलक्या बाहुल्यांचा नाद आहे, हे कथानकात उगाच घातलेले नाही. शब्दभ्रमकाराचा धंदाच असा, की बाहुली बोलली म्हणजे बोलणारा तो. आता अशा माणसाने 'माझी बाहुली आपणहून बोलते' असे सांगितले, तर कोण विश्वास ठेवील? शिंप्याने, सुताराने अगर वाण्याने हे सांगितले असते, तर शेजाऱ्यांनी निदान बाहुली उचलून तरी पाहिली असती. लक्ष्याच्या बाबतीत त्याची कलाच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. गुन्हेगारास लपावयास याहून सुरक्षित जागा नाही, आणि निरपराध्यास याहून वाईट अडचण नाही. नायकाचा एक साधा छंद कथानकाच्या मुळाशी असा बेमालूम बसविणे, यालाच बांधणी म्हणतात. नाट्यप्रवेश लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या पात्रास एखादा धंदा अगर छंद देताना, 'यामुळे याची अडचण वाढते का?' असा प्रश्न स्वतःस अवश्य विचारावा.

भुताने स्वतः कसे वागावे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. तात्या विंचू पडद्यावर कधी स्वतःची चेष्टा करीत नाही. त्याला देह हवा आहे, सूड हवा आहे, आणि त्याविषयी तो पूर्णपणे गंभीर आहे. त्याची बाहुली प्रसिद्ध शब्दभ्रमकार श्री. रामदास पाध्ये यांनी सिद्ध केली. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी 'अर्धवटराव' या बोलक्या बाहुल्याच्या रूपाने ही कला महाराष्ट्रात घरोघरी पोचविली होती. गुन्हेगार तात्याची भूमिका आणि बाहुलीचा आवाज श्री. दिलीप प्रभावळकर यांचा. बाहुलीच्या आकारास न शोभणारा तो खर्जातला दरारा ऐकला, म्हणजे आपण हसतो खरे, पण हसताना पाय नकळत खाटेवर ओढून घेतो. लाकडी तोंडातून निघणारी धमकी पोकळ वाटू दिली नाही, म्हणूनच लक्ष्याचे भय खरे वाटते. आणि ते खरे वाटते, म्हणूनच हास्यास्पद होते.

हा नियम मराठीपुरताच नाही. १९४८ साली अमेरिकेत ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीचा एक चित्रपट आला; त्यात त्यांची गाठ ड्रॅक्युला, लांडगामानव आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस यांच्याशी पडते. ड्रॅक्युलाची भूमिका बेला लुगोसी यांनी केली. १९३१ सालच्या मूळ भयपटात ज्यांनी ती केली होती, तेच हे नट. लांडगामानवाच्या भूमिकेतही मूळचेच लॉन चॅनी होते. या राक्षसांनी विनोद करावयाचा नाही, राक्षसच राहावयाचे. विनोद त्या दोघा घाबरटांनी करावयाचा, अशी वाटणी तेथे आहे. पुढे १९७४ साली मेल ब्रुक्स यांनी 'यंग फ्रँकेन्स्टाइन' हे विडंबन काढले, तेव्हा रंगीत चित्रपटांचा काळ असूनही त्यांनी ते काळ्यापांढऱ्या छायेत घेतले, आणि १९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधील प्रयोगशाळेची जुनी यंत्रसामग्री शोधून काढून पुन्हा वापरली. ज्याची थट्टा करावयाची त्याची इतकी निष्ठेने नक्कल! यावरून असे दिसते, की चांगले विडंबन तुच्छतेतून निघत नाही; ते प्रेमातून आणि अभ्यासातून निघते. ज्याने आजीच्या गोष्टी मन लावून ऐकल्या नाहीत, त्याला त्यांची थट्टाही साधणार नाही.

आमच्याकडील आणखी एका चित्रपटाचा उल्लेख केल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. १९८२ साली आलेल्या 'एक डाव भुताचा' या चित्रपटाची पटकथा व संवाद विनोदी कथालेखक द. मा. मिरासदार यांचे होते. त्यात श्री. अशोक सराफ भूत झाले आहेत, आणि दिलीप प्रभावळकर एक गरीब स्वभावाचे शाळामास्तर. येथे बांधणी उलटी आहे. भूत मारावयास आलेले नाही, ते मास्तरांच्या मदतीस आले आहे. पण ते इतरांस दिसत नाही, आणि त्यामुळे ज्याला दिसते त्याचीच पंचाईत होते. भूत वैरी असो वा मित्र, एकास दिसते आणि बाकीच्यांस दिसत नाही, एवढी एकच गोष्ट कायम ठेवली, की घोटाळ्यांची मालिका आपोआप सुरू होते. आणखी एक मौज अशी, की १९८२ साली भुताच्या संगतीत गोंधळलेले मास्तर आणि १९९३ साली साऱ्या गावाची झोप उडविणारा तात्या विंचू, हे दोन्ही एकाच नटाने उभे केले. यावरूनही आम्हांस वाटते ते हेच, की हसविणे आणि भिवविणे या दोन कला दिसतात तितक्या दूरच्या नाहीत. दोहोंचा आधार प्रेक्षकाच्या ज्ञानाची व अज्ञानाची नेमकी मोजणी हाच आहे.

आता या मोजणीचे शेवटचे अंग. शेतात जे पेरले तेच उगवते. कथानकातही ज्याची पेरणी आधी झाली नाही त्याची कापणी करता येत नाही. भ्रूमध्याची गोष्ट आधी कानावर घातली नसती आणि शेवटी एका गोळीने तात्या विंचू अकस्मात मेला असता, तर प्रेक्षक म्हणाला असता, 'मग पहिल्याच गोळीने का मेला नाही?' वर्म आधी कळल्यामुळे प्रत्येक झटापटीत आपली दृष्टी त्या दोन भुवयांमधील जागेकडे लागते. नेम चुकला, की आपण हळहळतो. आणि अखेर तो साधला, की टाळी वाजवितो. विनोदी कथेत वाटेल ते घडले तरी चालते, हा मोठा गैरसमज आहे. भूत ही अशक्य गोष्ट प्रेक्षक एकदा मान्य करतो. परंतु त्यानंतर त्या भुताचे नियम लेखकाने क्षणोक्षणी बदलले, तर तो रुसतो. एक अशक्य गोष्ट आणि तिच्यापासून निघणाऱ्या शंभर शक्य गोष्टी, असा हा हिशेब आहे.

येथवर विद्यार्थ्यांशी बोललो. आता दोन शब्द पालकांसाठी. हा चित्रपट मुले आवडीने पाहतात ती केवळ बाहुलीसाठी नव्हे, असे आमचे मत आहे. त्याच्या मध्यभागी एक असा माणूस उभा आहे, जो खरे बोलत आहे आणि ज्याचे कोणी ऐकत नाही. ही अवस्था प्रत्येक मुलास परिचयाची असते. 'मला अंधारात भीती वाटते,' 'त्या वाटेने जावयास नको वाटते,' 'अमका मला त्रास देतो,' असे मूल सांगते, आणि वडीलधारी माणसे, 'काहीतरीच तुझे!' म्हणून हसून मोकळी होतात. चित्रपटात आपण लक्ष्यास हसतो, कारण आपल्याला सत्य ठाऊक असते आणि अखेर सर्व ठीक होईल असा भरवसाही असतो. घरातल्या मुलाच्या बाबतीत आपल्याला सत्य ठाऊक नसते. तेथे हसणे हा विनोद नव्हे. ते न ऐकणे होय. पिंपळावर मुंजा नसेल, नव्हे नाहीच. पण मुलाच्या मनातील भय मात्र आहे, आणि कधी कधी त्या भयाच्या मागे मुंजाहून फार खरे असे काही असू शकते. म्हणून आधी ऐकावे, मग दिवा घेऊन त्याच्याबरोबर त्या झाडापर्यंत जावे, आणि मग दोघांनी मिळून हसावे.

आणखी एक इशारा देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. कथेतील मंत्र हा बुद्धिबळातील घोड्याच्या अडीच घरांसारखा खेळाचा नियम आहे. खेळ संपला, की तो पेटीत ठेवावयाचा. ज्याच्या तोंडचा मंत्र आपण पडद्यावर हसत ऐकतो, तसा कोणी बाबा खरोखर दारी येऊन भूत उतरविण्याच्या नावाखाली आजारी माणसास मारझोड करू लागला किंवा पैसे उकळू लागला, तर ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. अशा अघोरी प्रकारांस गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला. त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्याच्या २० तारखेस, त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला होता. भुताची थट्टा करता येणे हे मनाच्या आरोग्याचे लक्षण आहे. परंतु चित्रपटगृहात भुतास हसावयाचे आणि घरी आल्यावर ताप उतरत नाही म्हणून मांत्रिकाचे दार ठोठवावयाचे, असे ज्याचे वर्तन त्याचे हसणे व्यर्थ गेले म्हणावे लागेल.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, येत्या संमेलनासाठी भुताचा प्रवेश लिहावयास बसाल, त्या वेळी चादर आणावयास धावण्यापूर्वी कागदावर चार प्रश्न मांडा. आपल्या भुताचा नियम कोणता? ते खरोखर काय मिळवू पाहते? ते कोणास दिसते आणि कोणास दिसत नाही? आणि त्याचे जे वर्म शेवटी उपयोगी पडणार, ते प्रेक्षकांस आधी केव्हा कळते? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली, की भुतास चादरीत पाय अडकवून पाडण्याची गरज उरणार नाही. ते ताठ उभे राहील, गंभीरपणे बोलेल, त्याच्यापुढे तुमचा नायक लटपटेल, आणि पुढच्या सतरंजीवरील मुले आधी किंचाळून मग अशी हसतील, की पडदा पडल्यावरही त्यांचे हसू थांबणार नाही.